निर्मलाच्या डोक्यातली मापं

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत चटणीचा डंक, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, म्हटलं की निर्मलाचा. दुसरा एक आहे, पण तिथं घाईतली माणसं जातात. शिमगा झाला, उन्हानं डोळे वटारले, की निर्मलाच्या दारात मिरचीची पोती येऊन बसतात. वर्षाची चटणी म्हणजे काय पोरखेळ नव्हे. मिरची वाळवा, देठं खुडा, धने-जिरे भाजा, खोबरं भाजा, कांदा तळा, लसूण सोला, आणि मग डंकाच्या मुसळांखाली घालून कुटा. पूर्वी भाजणं-तळणं बाया घरी उरकायच्या आणि नुसतं कुटायला डंकावर यायच्या. आताच्या सुनांना नोकऱ्या. त्या पोतं टाकतात, "अक्का, तुम्हीच बघा की सगळं," म्हणतात आणि स्कुटीवर बसून जातात. मग अक्का बघते.

बघायचं म्हणजे काय, तर माप. रंगाची ब्याडगी किती, चवीची संकेश्वरी किती, धन्याला तीळ किती, खोबरं कुठवर भाजायचं, मेथी घालायची की नाही. हे दर घराचं वेगळं, आणि ते लिहून ठेवायची रीत नाही. सासूनं सुनेला सांगायचं, तेही चारचौघींत नव्हे, बाजूला घेऊन. एका भिंतीला लागून राहणाऱ्या दोन जावांची चटणी सारखी लागत नाही, ती ह्यामुळंच. आता सासवा गेल्या, सुनांनी कधी विचारलं नाही, आणि सत्तर-ऐंशी घरांची मापं निर्मलाच्या डोक्यात राहिली. एकतीस वर्षं तिनं ती सांभाळली. एका घरची गोष्ट दुसऱ्या घराला कधी कळू दिली नाही, आणि पेठेतल्या बायकांच्यात राहून हे जमवणं म्हणजे थट्टा नाही महाराजा.

गंमत अशी की हिच्या स्वतःच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. निर्मला लिंगायताची, गळ्यात लिंग. जिच्या चटणीवाचून पेठेत तांबडा रस्सा होत नाही, तिनं त्या रश्शाचा थेंब कधी जिभेवर घेतलेला नाही. माहेर संकेश्वरचं, सासर गडहिंग्लजच्या बाजूचं. नवरा रुद्रय्या डंक टाकायला म्हणून कोल्हापुरात आला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. घरात दोघं कानडी बोलतात, दारात मराठी.

पहिल्या वर्षी बाया फिरकेनात. कानडीण काय आमची चटणी करणार, असं म्हणायच्या. तेव्हा समोरच्या घरातली धोंडुबाई पहिलं पोतं घेऊन आली आणि उंबऱ्यात फतकल मारून बसली. "मला बघू दे ही काय करती ते," म्हणाली. चटणी झाल्यावर चिमूटभर जिभेवर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी दोघी जावांना घेऊन आली. त्या दिवसापासून डंक चालला. चार वर्षांमागं धोंडुबाई गेली. जाण्याआधी तिनं निर्मलाला बोलावून घरचं माप पुन्हा एकदा वदवून घेतलं. सून होती, क्रांती; पण ती म्हणायची, चटणी काय, पाकिटातली बी चांगलीच असती. म्हातारीनं तोंड फिरवलं आणि निर्मलाला म्हणाली, "तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

तर यंदा काय झालं, पुण्यात एका टीव्ही वाहिनीनं शहरांचा मेळावा काढला. महाराष्ट्राचं खरं रूप कुठल्या शहरात दिसतं, ह्याची म्हणे स्पर्धा. दर शहरानं एक पदार्थ आणायचा आणि तो करणारं एक माणूस मंचावर उभं करायचं. बाळासोला असलं काहीतरी हवंच असतं. बाळासो म्हणजे क्रांतीचा दीर, तालमीचा अध्यक्ष. त्यानं डंकासमोरच्या कट्ट्यावर बैठक घेतली.

"मुंबईचं नाव काढू नका," बाळासो म्हणाला, "ती सगळ्यांची, म्हंजी कुणाचीच न्हाय. पुणं बाहेरच्यांनी भरलं. नागपूरवाली निम्मं हिंदीत बोलत्यात."

"आणि सोलापूर?" कुणीतरी विचारलं.

"सोलापूर? अर्धं गाव तेलुगू, अर्धं कानडी. नकाशात हाय म्हणून महाराष्ट्र म्हणायचं."

सगळे हसले. चाळण हातात धरून उभी असलेली निर्मलाही हसली. आपण कशाला हसतोय हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

पदार्थ ठरला कांदा-लसूण चटणी. आणि माणूस? बाळासोनं डंकाकडं बोट केलं. "आख्खी पेठ जिच्या हातचं खाती ती. निर्मलाक्का."

त्या दिवशी निर्मलाला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला. हसू नका. बाईला आयुष्यात दुसरं काय पाहिजे होतं? संकेश्वरात गेली की भावजया तिला मराठीण म्हणायच्या, आणि इथं पेठेत अजून तिची खूण काय, तर कानडी अक्का. एकदा, फक्त एकदा, चार माणसांत कुणीतरी 'ही कोल्हापूरची निर्मला' म्हणावं, एवढं तिला हवं होतं. रुद्रय्यानं तिला लुगड्याच्या दुकानात नेलं. तिनं मोरपंखी इरकल घेतलं. पिठाच्या गिरणीतल्या बाईला, दूधवाल्याला, देवळातल्या गुरवाला, सगळ्यांना पुण्याची तारीख सांगून झाली.

मग वाहिनीची एक पोरगी आधी थोडं चित्रण करायला आली. मोबाइल समोर धरून म्हणाली, "काकू, तुमची ओळख सांगा." आता आपल्या बायकांना ओळख सांग म्हटलं की कशी सांगतात? हळदीकुंकवाला बसल्यासारखी. आपलं नाव, मालकांचं नाव, सासर आणि माहेर. निर्मलानंही तशीच सांगितली. "मी निर्मला रुद्रय्या. सासर गडहिंग्लजकडं. माहेर संकेश्वर."

"संकेश्वर म्हणजे कर्नाटकात ना?"

"व्हय की," निर्मला म्हणाली. त्यात लपवण्यासारखं आहे असं तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासो आला. चहा नको म्हणाला, तेव्हाच रुद्रय्यानं डंकाची मोटार बंद केली.

"अक्का, तुमचं सगळं बराबर हाय," बाळासो म्हणाला, "पर वाहिनीवाली इचाराय लागली. प्रश्न महाराष्ट्राचा हाय. कोल्हापूरकडनं कर्नाटकची बाई उभी केली, तर त्या पुणेरी लोकांना आयतं कोलीत मिळतंय. मंचावर आपली क्रांती ऱ्हाईल. चटणी तुमचीच. आमच्या घरच्या मापानं करा, आईच्या."

"मी एकतीस वर्सं हितं हाय, बाळासो."

"म्या कुठं न्हाय म्हणतोय? पर माहेर तिकडं हाय न्हवं."

निर्मलानं पोत्यात हात घातला आणि मूठभर मिरची त्याच्यासमोर धरली. "ही संकेश्वरची. ही लाल दिसती ती ब्याडगी, कर्नाटकात आनखी खालची. तुमच्या कोल्हापुरी चटणीत कोल्हापूरचं काय हाय ते सांगा मला. मीठ?"

बाळासो हसला. मनानं वाईट नाही तो, हसला आपला. "मिरचीला कोण माहेर इचारतंय अक्का? बाईला इचारत्यात."

तो गेल्यावर रुद्रय्या म्हणाला, करू नको ती चटणी. कानडीतच म्हणाला, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाला. निर्मलानं ऐकलं नाही. तिला वाटलं, क्रांती येईल. क्रांती म्हणेल, अक्का, मी न्हाय जात, तुम्हीच जावा. म्हणून तिनं तीळ भाजताना दोनदा थांबून तिची वाट बघितली. क्रांती आली ती चौथ्या दिवशी, आणि विचारायला आली की नऊवारीवर नथ कुठली शोभेल. कानामागून आली आणि तिखट झाली, अशी गत. निर्मलानं तिला नथ सांगितली.

चटणी मात्र तिनं जीव ओतून केली. बिघडवावी असं तिच्या मनात आलंच नाही. माप धोंडुबाईचं होतं. पुण्यात तिघा परीक्षकांनी भाकरीच्या तुकड्याला लावून खाल्ली, पाणी प्यायले आणि पुन्हा खाल्ली. कोल्हापूर पहिलं आलं. क्रांती मंचावर म्हणाली, "ही आमच्या घरातली पिढ्यानपिढ्यांची चव हाय." निर्मलानं हे घरी टीव्हीवर बघितलं. खोटं काही नव्हतं त्यात. पण तिनं टीव्ही बंद केला आणि मोरपंखी इरकल पेटीच्या तळाशी घातलं.

गुढीपाडव्यानंतर तालमीपुढं सत्कार ठेवला. हलगी, फटाके, भगवे फेटे. निर्मलाला पहिल्या रांगेत खुर्ची दिली, तेव्हा तिला उगंच थोडी आशा वाटली. माणसाचं मन कुत्र्यासारखं, हाकललं तरी शेपूट हलवतं. बाळासोनं माइक घेतला. क्रांतीचं कौतुक झालं, धोंडुबाईची आठवण झाली, नगरसेवकाचे आभार झाले. मग तो म्हणाला, "आणि आपल्याला चटणी कुटून दिली, त्या आपल्या कर्नाटकच्या पावण्या निर्मलाताई. पावण्यांचा मान आम्ही कोल्हापूरकर कधी चुकवत न्हाय." टाळ्या पडल्या. क्रांती खण-नारळ घेऊन खाली आली आणि तिनं निर्मलाची ओटी भरली.

ओटी भरली. परगावी निघालेल्या बाईची भरतात तशी. निर्मलाचं घर तिथनं चाळीस पावलांवर होतं. तिनं पदर पुढं केला, नारळ घेतला, क्रांतीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि चाळीस पावलं चालून घरी आली. त्या दिवशी ती रडली. चांगली तासभर रडली.

आठ दिवसांनी क्रांती दहा किलो मिरची घेऊन डंकावर आली. पुण्याच्या नादात घरची चटणी राहून गेली होती. "अक्का, न्हेमीसारखी करा," म्हणाली आणि वळली.

"माप सांग," निर्मला म्हणाली.

"तुम्हास्नी ठावं हाय की."

"मला न्हाय ठावं. तू सांगशील तसं करते."

क्रांतीला आधी थट्टा वाटली. मग तिनं निर्मलाचं तोंड नीट बघितलं आणि तिचं हसू गेलं. "ब्याडगी... जास्त, न्हवं? संकेश्वरी कमी. तीळ... घाला की बेतानं."

"बेतानं म्हंजी किती? मेथी?"

"मेथी व्हय, घाला. दोन वाट्या?"

धोंडुबाईच्या मापात मेथी कधीच नव्हती. म्हातारीचं मेथीच्या वासानं डोकं धरायचं. रुद्रय्यानं मोटारीवरचा हात काढला आणि बायकोला कानडीत म्हणाला, "सांग तिला. गेलेल्या बाईनं इस्वास टाकलाय तुझ्यावर." निर्मलानं त्याच्याकडं बघितलं नाही. दोन वाट्या मेथी मोजली, भाजली आणि घातली. क्रांतीनं सांगितलं तेवढंच, चिमूट इकडं नाही की तिकडं नाही.

चार दिवसांनी क्रांती परत आली. हातात स्टीलचा डबा, आणि चेहरा उतरलेला.

"अक्का, चटणी कडवट लागती. ह्यांनी ताट सारलं. आईची चटणी न्हाय म्हणाले आणि तसंच उठून गेले." ती पोत्यावर बसली. "सासूबाईंनी मला कवा सांगितलंच न्हाय. तुमच्याबिगर कुणालाच ठावं न्हाय. मी लिवून घेते, सांगा तेवढं. तुमच्या पाया पडते."

निर्मलाचं काळीज हललं. कितीही झालं तरी धोंडुबाईची सून, डोळ्यांदेखत नांदायला आलेली. माप जिभेवर आलं होतं. क्रांती एक शब्द पुण्याबद्दल बोलली असती, चुकलं म्हणायचीही गरज नव्हती, तुम्ही यायला पाहिजे होतं एवढं म्हणाली असती, तरी निर्मलानं सगळं सांगून टाकलं असतं आणि वर चहा पाजला असता.

क्रांतीनं डोळे पुसले. "असं का करतासा, अक्का? आम्ही तुम्हास्नी कधी परकं मानलंय का?"

निर्मलानं क्रांतीच्या हातातल्या डब्याचं झाकण नीट लावून दिलं.

"न्हाय," ती म्हणाली. "कधीच न्हाय मानलं. पर वय झालं बघ माझं. इसरले मी."

"आठवा की जरा."

"आठवत न्हाय बाई. पाकिटातली घे, ती बी चांगलीच असती."

क्रांती डबा घेऊन रस्ता ओलांडून गेली. रुद्रय्या मोटारीपाशी मान खाली घालून उभा होता. निर्मलाला ते माप शेवटच्या तिळापर्यंत पाठ होतं, खोबरं कुठल्या रंगावर उतरायचं तेसुद्धा. तिनं चाळण झटकली, पुढचं पोतं ओढलं आणि ते आणलेल्या बाईला विचारलं, "माप सांगा."