धावेवरची प्रार्थना

प्रार्थनेच्या वेळी आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांचे डोळे मिटलेले असत आणि तिचे टक्क उघडे. मला हे कसे ठाऊक, असे तुम्ही विचाराल. तर माझेही उघडे असत. पण मी चोरून बघत असे, ती राजरोस बघे. पाळकांनी एकदा सर्वांदेखत हटकले, तेव्हा दाराजवळच्या आपल्या जागेवरून ती म्हणाली, "बैलं बाहीर बांधले हायेत. डोये मिटले अन् बैलं गेले, तं देव धुंडून आनन का?"

पाळकांनी घाईने पुढचे गीत सांगितले. मी हसू दाबले आणि खोकला म्हणून खपवले.

ही गोष्ट वाशीमची, इंग्रजी अमदानीतली. मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. ती जातीची माळीण. रिठदच्या वाटेवर तिचा वांग्या-मेथीचा लहानसा मळा होता. मूलबाळ नव्हते. नवरा मिशनच्या दवाखान्यात वारला. तिथल्या एका बाईने तीन दिवस तिच्याजवळ बसून प्रार्थना केली आणि एकदाही तिला 'रडू नको' म्हटले नाही. "ज्या देवाचे मानसं रडू देतात, तो देव मले पायजे," असे म्हणून ती आमच्यात आली.

मळ्याची विहीर मात्र एकट्या तिची नव्हती. तिच्या भासऱ्याची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची, आणि तिची ती सामाईक होती. मोट एकच, पाण्याचे वार ठरलेले. एकट्या बाईमाणसाला एक वार पुष्कळ झाला, असे म्हणून भासऱ्याने तिला रविवार दिला होता. त्यामुळे उपासनेला ती नेहमी उशिरा येई, लुगड्याचा काठ ओलाचिंब. रविवार विसाव्याचा आहे, असे पाळक बजावत. "वांग्याले आइतवार कुठं समजते?" असे ती विचारी आणि पुढच्या रविवारी पुन्हा उशिरा येई.

मोट हाकणे हे पुरुषाचे काम. ती स्वतः हाकी. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: विहिरीपुढचा जो उतार, त्याला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली गेले की भरलेली कातडी मोट वर येते. बैल मागे हटत वर आले की रिकामी मोट विहिरीत उतरून भरते. मोट हाकताना बाकीचे लोक गाणी म्हणत. ती प्रार्थना करी. बैल खाली जाताना मोठ्याने बोले आणि मागे येताना तोंड मिटून चाले.

माझ्या प्रार्थनेची तेव्हा मंडळीत ख्याती होती. 'हे कृपासागरा, हे दयाघना' अशी सुरुवात करून मी पाव तास थांबत नसे. एका रविवारी उपासना संपल्यावर ती मला म्हणाली, "लय बोल्ले, मास्तर. त्याले बोलू देल्लं का?"

मी चिडलो. चिडून तिच्या मळ्यात गेलो आणि म्हणालो, "मावशी, तुम्ही काय निराळे करता ते दाखवा तरी."

"जातानी आपुन बोलाचं. येतानी चूप राह्याचं," ती म्हणाली. "बैलं मांगं येतात तवाच मोट भरते." आणि तिने कासरा माझ्या हातात दिला.

आता लांब प्रार्थनेची खोड जन्माची. मी 'हे प्रभू' म्हटले आणि, इतरांवर पाळत ठेवायची नसल्यामुळे म्हणा, माझे डोळे आपोआप मिटले. बैल धाव संपली तरी चालतच राहिले. वर मोट चाकावर आदळली आणि तिचे कातडे टर्रकन फाटले. ती इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. आवाज ऐकून आलेला भासरा मात्र हसला नाही, कारण मोट त्याचीही होती.

"मिशनचा मास्तर आमच्या इहिरीवर काहून आला?" त्याने विचारले. बाई मोट हाकते, हे त्याने सोसले होते; मोटेवर परका देव बोलावते, हेही कानाआड केले होते. आता नाही. धावेवरची प्रार्थना बंद कर, नाही तर पाणी बंद, असे त्याने सांगितले. तिने मान हलवली, पण ती नाही म्हणायला. पुढच्या रविवारपासून तो तिच्या वारी विहिरीवरचे चाक काढी आणि ते शेजारी ठेवून चिंचेखाली राखण करीत बसे. माझ्या मिटलेल्या डोळ्यांपायी तिचे पाणी गेले.

पाळकांनी यावर तोड काढली. तिने मळा सोडून मिशनच्या आवारात राहायला यावे. शाळेमागे जमीन आहे, वेगळी विहीर आहे. शिवाय रविवारही मोकळा. हा निरोप घेऊन त्यांनी मलाच पाठवले. किडकी वांगी खुडता खुडता तिने तो ऐकून घेतला.

"जागा चांगली हाय," ती म्हणाली. "पन तिथं समदेच प्रार्थना करतात, मास्तर. इथं कोन करन?"

"पण मावशी, पाणी?"

"पानी बंद झालं. माहा आइतवार बंद नाई झाला."

आणि त्या रविवारी तिने बैल जुंपले. चाक नाही, मोट नाही, ती ओढणारा नाडा नाही. सकाळपासून उन्हे माथ्यावर येईपर्यंत ती बैल घेऊन कोरड्या धावेवर वरखाली करीत राहिली. खाली जाताना बोलणे, वर येताना चूप. वाटेने जाणारे लोक थांबून बघत. बैलांनाही नवल वाटत असावे. ओढायला काही नाही आणि चालायचे मात्र आहे.

त्याहून मोठा गहजब झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्याकडे भावजय भासऱ्यापुढे उभी राहत नाही, नाव घेणे तर लांबच. तिने पदर कपाळाखाली ओढला आणि त्याचे नाव घेऊन देवाला खणखणीत आवाजात सांगितले, "बापा, याच्या गुडघ्याले आराम पडू दे. याच्या नातीचं लगन जमू दे. अन् याले चाक लावाची अक्कल दे."

"अवं माय, भासऱ्याचं नाव घेतलं!" शेजारच्या मळ्यातली बाई तोंडावर हात ठेवून म्हणाली.

"नाव नाई घेतलं तं त्याले कसं समजन, कोनाचे गुडघे दुखून राह्यले?"

म्हाताऱ्याला तिथून उठून जाता आले असते. पण चाकाची राखण होती ना. दर रविवारी तो तोंड फिरवून चिंचेखाली बसे आणि दर रविवारी त्याला आपले नाव ऐकावे लागे.

मळा वाळत चालला. मी आणि शेजारणी नाल्यावरून घागरी आणून ओतत होतो. वैशाखात नालाही आटला. वांग्याची झाडे उभीच करपली. एका रविवारी उपासना सोडून मी तिच्याबरोबर धावेवर चाललो, पण खरे सांगायचे तर मनात नुसता संताप होता. बैल वर येईपर्यंतही मला धीर निघाला नाही.

"सगळे जळून गेले, मावशी. इतके बोलता त्याच्याशी, तो काय म्हणतो?"

"काई नाई म्हनत."

बैल वर आले. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पन उठून नाई गेला."

प्रार्थनेवर मी पुष्कळ ऐकले आहे आणि शिकवलेही आहे. मला पुरले ते हे एक वाक्य. मंडळीतल्या कोणी मला विद्वान म्हटले की मला त्या धावेवरची धूळ आठवते आणि लाज वाटते.

सोमवारी पाळकांनी विचारले, "काल कुठे होता?"

"धावेवर."

त्यांनी मला नोकरीची आठवण करून दिली. मी त्यांना नमस्कार केला आणि पुढच्या रविवारी पुन्हा धावेवर गेलो.

मृग लागण्याआधीच तिला ताप भरला आणि पाच दिवसांत ती गेली. तिच्या वारी चाक काही लागले नव्हते. लोक म्हणाले, हट्टापायी मेली, मिळवले काय? आमच्या मंडळीतलेही तेच म्हणाले. तेव्हा मी त्यांच्याशी भांडलो आणि आज तुमच्याशीही भांडायला तयार आहे. कोणी चूप बस म्हटले म्हणून ती देवाशी बोलायची थांबली नाही, इतकेच तिने केले. ते 'इतकेच' आपण एकदा करून बघावे, मग तिला हट्टी म्हणावे.

पुढच्या रविवारी मी मळ्यात गेलो तो म्हाताऱ्याला चार शब्द सुनवायला. चाक लावलेले होते. शिवलेली मोट टांगलेली होती, बैल जुंपलेले होते, आणि म्हातारा कासरा धरून नुसता उभा होता. पाटात पाण्याचा थेंब नव्हता.

"आता कोणाची आडकाठी आहे?" मी म्हणालो. "हाका की."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "बायको नाव घेत नाई," तो म्हणाला. "सून घेत नाई. पोरं बाबा म्हनतात. माही माय मेली तवापासून माहं नाव घेनारी तेच एक होती." मग त्याने विचारले, "आता कोन घेईन, मास्तर? तुमी घेता का?"

पंधरा वर्षे मी मंडळीपुढे साऱ्या जगासाठी प्रार्थना केली होती, राजासाठी, प्रजेसाठी, तहानलेल्या आत्म्यांसाठी. त्यात एकाही माणसाचे नाव नव्हते.

म्हाताऱ्याने डोक्याचा फेटा उतरवून काखेत धरला. मी त्याचे नाव घेतले. पुढचे शब्द मला सुचेनात, आणि तो तसाच उघड्या डोक्याने वाट पाहत उभा राहिला.