गाठी मोजणारी जमनाबाय

जाळं ठेवायचं की टाकायचं, हे जमनाबाय गाठी मोजून ठरवायची. सकाळी ओटीवर जाळं पसरायचं, हातभर तुकडा मांडीवर ओढायचा आणि शिवलेल्या ठिकाणच्या गाठी बोटांनी चाचपत पुढे सरकायचं. ओठ हलत असायचे, पण त्या वेळी तिच्याशी कोणी बोललेलं तिला खपायचं नाही. मोजून झालं की ती निकाल द्यायची, "ऱ्हाऊ दे अजून." किंवा, "आता गाठीच जास्त झाल्या, जाळं उरलं नाय. काडा." हाच नियम तिने घोंगडी, सुपली, टोपली आणि एकदा माझी छत्री, सगळ्यांना लावलेला मी पाहिला आहे. छत्री नापास झाली.

आम्ही समुद्रकाठच्या घिवली गावात तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. जवळच अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं आणि यांना तिथे नकाशे काढायची नोकरी लागली होती. मी कऱ्हाडकडची. समुद्र मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला आणि सुक्या बोंबलाच्या वासाने पहिले आठ दिवस नाकाला पदर लावून काढले. जमनाबायने ते पाहिलं आणि काही न बोलता वाळवणाच्या दोऱ्या माझ्या खिडकीपासून चार हात पलीकडे नेल्या. आठवड्याभराने मीच त्या परत आणायला सांगितल्या, कारण तोवर मला तळलेल्या बोंबलाची चटक लागली होती. "नाक शाणं झालं बायचं," एवढंच ती म्हणाली.

तिचा नवरा धर्माबाबा हे तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. गुडघे धरल्यापासून ते समुद्रावर जात नव्हते. होडी मुलगा केशव चालवायचा, पण उद्या निघायचं की नाही हे अजून तेच सांगायचे. त्याची एक रीतच होती. संध्याकाळी रेडिओवर मच्छीमारांसाठी हवेचा अंदाज लागायचा. त्या वेळी आळीतले आठ-दहा जण अंगणात येऊन बसायचे. रेडिओ ओटीवरच्या फळीवर असे. लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा, दोघांनी उचलावा असा. गावात वीज नव्हती, तेव्हा तो विटेएवढ्या बॅटरीवर चालायचा आणि ती बॅटरी पालघरहून आणावी लागायची. धर्माबाबा पेटीला कान टेकवून, डोळे मिटून उभे राहायचे. अंदाज संपला की ते वळायचे आणि "निघा" किंवा "नको" म्हणायचे. रेडिओ अंगणातल्या सगळ्यांनीच ऐकलेला असायचा, तरी तांडेलाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कोणी उठत नसे.

पेटी म्हातारी झाली होती. मध्येच खरखरायची, मध्येच तिचा आवाज बसायचा. जमनाबाय कुशीवर थाप मारी की पुन्हा बोलू लागायची. त्यातच बोईसरला कामगारांच्या हातात ट्रान्झिस्टर दिसू लागले. पुस्तकाएवढा डबा, चालता चालता ऐकावा असा. केशवच्या मनात तो भरला, आणि त्याचं चूक नव्हतं. होडी दोन-दोन दिवस बाहेर असायची. निघाल्यावर हवा फिरली तर ती घरच्या पेटीला कळायची, होडीला नाही. आदल्या वर्षी असंच एकदा झालं होतं. इथे अंगणात सगळ्यांनी वादळाचा इशारा ऐकला होता आणि केशव बाहेर समुद्रावर होता. तो सुखरूप आला, पण त्याच्या बायकोने ती रात्र कशी काढली ते मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

"आये, पेटी काड आता. ट्रान्झिस्टर घेऊ, तो होडीवर नेता येल," तो म्हणायचा.

"गाठी मोजल्या मी. अजून कमी हायत," जमनाबाय म्हणायची.

मी अर्थात केशवच्या बाजूने. मॅट्रिक झालेली, त्यामुळे जगाला शहाणपण शिकवायची हौस दांडगी. एक दिवस मी तिला चांगला अर्धा तास समजावत बसले. जुन्याला चिकटून राहणं म्हणजे हट्ट, मुलाच्या जिवापेक्षा लाकडी पेटी मोठी का, असंही बोलून गेले. ती जाळं शिवत होती. तिने सुई खाली ठेवली. मला वाटलं, आता घर खाली करायला सांगणार.

"बाय, तुला सांगते, पन पोटात ठेव," ती म्हणाली. "तांडेलाला आयकू येत नाय. दोन वर्सं झाली. त्या पेटीच्या लाकडाला कान लावला तरच आयकू येते. त्या पोराच्या डब्यातनं काय येल? आन तांडेलाला आयकू येत नाय म्हनल्यावर त्याला कोन इचारनार? ओटीवर बसून ऱ्हाईल नुसता, टोपल्यावानी."

एका बाजूला पोराचा जीव आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्याचा मान, आणि ही बाई दोन्ही एकटीने पदरात बांधून फिरत होती. त्या दिवसापासून मला दिसू लागलं ते आधी कधी दिसलं नव्हतं. चारचौघांत ती त्यांच्या समोर येऊनच बोलायची, म्हणजे तिचे ओठ त्यांना दिसावेत. कोणी मागून हाक मारली तर तीच आधी वळायची. दुसऱ्याच दिवशी केशवने मला विचारलं, "वहिनी, समजावलंत का आयेला?" मी म्हटलं, "जरा थांब."

मग ती संध्याकाळ आली. शिमगा होऊन गेला होता. अंगण भरलं होतं, अंदाज सुरू झाला होता, आणि "दक्षिणेकडून" एवढं बोलून पेटी बंद पडली. साधी खरखरसुद्धा नाही. जमनाबायने एक थाप मारली, दुसरी मारली. अंगणातले सगळे पेटीकडे पाहत होते. धर्माबाबा मात्र कान टेकवून, डोळे मिटून तसेच उभे. मधूनच मान डोलावत होते. नेहमीएवढा वेळ गेल्यावर ते वळले आणि म्हणाले, "उद्या नको."

केशव उठून त्यांच्या समोर गेला आणि हळू म्हणाला, "बा, पेटी बंद पडली हाय. मगाशीच."

धर्माबाबांनी सगळ्यांची तोंडं पाहिली. मग जमनाबायचं पाहिलं. म्हातारा आता आत निघून जाणार, असं मला वाटलं. पण ते पायरीवर बसले.

"मला कसं कळनार?" ते म्हणाले. "गेल्या पावसाळ्यापास्नं लाकडातनं बी काय येत नाय."

"मंग रोज कान का लावता?" केशवने विचारलं.

"तुजी आय माज्यासाटी ती पेटी संबाळते. मी कान काडला तर तिला काय वाटल?"

"आन सांगता ते काय?"

"वारा. सकाळपास्नं हितं बसून दुसरं काय करतो मी? वारा बगतो, पानी बगतो, ढग बगतो. तेच सांगतो."

म्हणजे ती त्यांच्यापासून लपवत होती की आपल्याला सगळं ठाऊक आहे, आणि ते तिच्यापासून लपवत होते की आता लाकडातूनही ऐकू येत नाही. एका चुलीवरचं जेवणारी दोन माणसं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

जमनाबाय फळीजवळ गेली. पेटीच्या कुशीवर हात ठेवला, आणि मग अंगणाकडे वळली. "पेटीच्या गाठी जास्त झाल्या," ती म्हणाली. "पेटी काडा. तांडेल ऱ्हाईल. पावसाळ्यापास्नं तुमी त्याच्या वाऱ्यावरच निगाला ना? कोन बुडालं?"

कोणीच बुडालं नव्हतं. एक म्हातारा खलाशी उठला, धर्माबाबांच्या समोर येऊन ओरडून म्हणाला, "तांडेल, उद्या नको ना?" ते म्हणाले, "नको." आणि अंगण नेहमीसारखं उठलं. दुसऱ्या दिवशी वादळ वगैरे आलं नाही. वारा मात्र सुटला. शेजारच्या आळीतली एक होडी गेली होती, ती भिजून, रिकामं जाळं घेऊन दुपारीच परत आली.

आठवड्याने जमनाबाय, केशव आणि मी पालघरला गेलो. दुकानात तिने ट्रान्झिस्टर उलटा केला, हलवला, आणि दुकानदाराला म्हणाली, "ह्याला गाठ कुटं मारायची ते दाकव." त्याला काही कळलं नाही. तो ट्रान्झिस्टर मेणकापडात गुंडाळून होडीवर जाऊ लागला. होडी घरी असेल तेव्हा संध्याकाळी केशव अंदाज ऐकून बापाच्या कानाशी ओरडायचा, मग धर्माबाबा वाऱ्याकडे पाहून आपलं मत द्यायचे. दोघांचं जुळलं नाही तर अंगणात तासभर वाद चालायचा. जुन्या पेटीतलं सामान काढून तिच्यात कोंबडी बसवली. तिने पहिल्याच खेपेला नऊ पिल्लं काढली.

आणि जमनाबाय नवऱ्याशी मोठ्याने बोलू लागली. मीठ संपलं, सून माहेरी गेली, गुडघ्याला तेल लावा, सगळं आळीभर ऐकू जायचं. धर्माबाबा हसायचे. हा माणूस एवढा हसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढे आम्हाला वीज केंद्राच्या वसाहतीत घर मिळालं. निघताना तिने बोंबलांची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाय, मी गाठी मोजीत बसले. त्याला इचारलंच नाय." एवढ्या वर्षांत तिने स्वतःची चूक कबूल केलेली मी तेवढीच ऐकली.

ती जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. परवा आमच्याकडे जुना टीव्ही बदलायचा विषय निघाला. मुलांना भिंतीएवढा हवा, आणि हे म्हणत होते, आहे तो चांगला आहे. ते त्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसतात आणि बातम्या संपेपर्यंत मान डोलावतात. मी उठले, टीव्ही बंद केला, त्यांच्या समोर जाऊन बसले आणि मोठ्याने विचारलं, "तुम्हाला ऐकू येतं का हो?"

ते म्हणाले, "कधीचं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."