किरणला लाटेवर उभं राहता आलं नाही

किरण गेला. आज सकाळी.

"सुटला बिचारा," असं सगळे म्हणतायत. माझ्या तोंडून तो शब्द निघत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. किरण, योग्या आणि मी नगरच्या नागापूर एमआयडीसीत एकाच कंपनीत लागलो, एकाच लाईनवर. योग्या आणि मी भिंगारचे. किरण पारनेर तालुक्यातला. तिघांत पोहता येणारा तो एकटाच. गावच्या विहिरीत मुटका मारला की अर्धं पाणी बाहेर उडायचं म्हणे.

योग्याने कुठलीतरी रील पाहिली आणि डोक्यात घेतलं, सर्फिंग करायचं.

"आपन नगरचे रे," किरण म्हणाला. "आपल्याला टँकर म्हाईत, समुद्र न्हाई."

पण सुट्टी टाकली त्यानेच पहिली.

ताम्हिणी घाटातून खाली कोकणात उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर. शिकवणारा तिथलाच एक पोरगेला माणूस होता. समुद्राकडे बघून म्हणाला, "आज लाटा बारीक आहेत. शिकायला अशाच बऱ्या."

गुडघ्याएवढ्याच होत्या. यायच्या, फेस व्हायचा, संपायच्या.

आधी वाळूत प्रॅक्टिस. बोर्डावर पालथं झोपायचं, छातीशी दोन्ही तळवे दाबायचे, अंग उचलून झटक्यात उभं राहायचं.

योग्या, जो आंघोळीच्या बादलीला घाबरतो, तो उभा राहिला. ओरडत, हात पसरून, पार काठापर्यंत.

मीही राहिलो. दोन श्वास. मग धपकन पाण्यात.

किरण मात्र दर वेळी उजवीकडे कलंडायचा. परत चढायचा, परत कलंडायचा.

"काय रे पाटील, विहीर आठवतीये का?" योग्याने चिडवलं.

किरण नाकातोंडातलं पाणी झटकत हसला. "आरं, हा हात दाबतच न्हाई. बाहीत हातच नसल्यावानी वाटतंय."

शिकवणारा म्हणाला, "दादा, झोपूनच या. लाट झोपलेल्याला पण आणते."

मग तो झोपूनच आला. आम्ही मागून ढकलायचो. बोर्ड सरसर जाऊन वाळूत रुतायचा आणि हा पालथा पडल्या पडल्या ओरडायचा, "लई भारी! परत ढकला!"

ऊन चटके द्यायला लागेपर्यंत ढकललं त्याला.

त्याला इतकं खूश मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

नंतर टपरीवर पोहे खाताना योग्याने त्याचा उजवा तळहात धरला. अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग असतो ना, तिथे खड्डा पडला होता.

"हे काय रे?"

"मशीनवर झालं आसल," किरण म्हणाला आणि चमचा डाव्या हातात घेतला.

नगरला आल्यावर एका डॉक्टरांनी मानेचा मणका सांगितला. पट्टा लावला, शेक दिला. हात वाळतच गेला. मग पुणे. तिथे कळलं, मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात. बरं करणारं औषध नाही.

परत येताना शिरूर मागे पडलं. मग किरणच म्हणाला, "डॉक्टर माझ्याकडं बघतच नव्हता. सगळं सोनालीला सांगत हुता. तवाच कळलं मला."

सोनाली वहिनी मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होत्या.

उजवा हात, मग डावा. मग पाय. मग जीभ.

योग्याने काढे आणले, कुठल्या कुठल्या गावाहून तेल आणलं. फिजिओ लावला. एकाही गोष्टीचा उपयोग झाला नाही. एकाही.

कृपया खाली "फायटर होता" लिहू नका. लढायला हात लागतात.

आणि या आजारात चामडीला सगळं कळतं. डास चावला की कळायचं त्याला. हाकलता यायचं नाही. डोळ्यांनी दाखवायचा, कुठे बसलाय ते.

त्याचं बोलणं अजून आम्हाला समजत होतं तेव्हाची गोष्ट. म्हणाला, "यकदा परत जाऊ. तुमी ढकला."

आम्ही गाडी बघितली, तारीख ठरवली. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. छातीत पाणी गेलं तर संपलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, माझ्या डोळ्यांदेखत नको."

मग त्याला भंडारदऱ्याला नेलं. निदान पाणी तरी. योग्याने आणि मी त्याला उचलून धरणाच्या काठावर नेलं, पाय पाण्यात सोडले. माझ्या छातीवर त्याची पाठ. वजन असं उरलंच नव्हतं.

"गार हाय," तो म्हणाला. शब्द चिकटून येत होते.

बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. पाणी अगदी स्थिर होतं.

"चला घरी."

बस. त्यानंतर तो कुठेच गेला नाही. पलंग, श्वासाच्या मशीनचा मास्क, छत.

आज सकाळी वहिनी तोंड पुसायला गेल्या तेव्हा श्वास थांबलेला होता.

दुपारी सगळं उरकलं. लोक पांगले. आम्ही दोघे वहिनींना भेटायला आत गेलो. रिकाम्या पलंगाशी बसल्या होत्या. रडत नव्हत्या.

म्हणाल्या, "इतके दिवस रात्रीत चार-चारदा उठून यांची कूस बदलायची सवय झालीये, भावजी. आज जाग आल्यावर मी काय करू?"

योग्या बाहेर निघून गेला. मी तिथेच उभा राहिलो.  

किरण, तुझ्यासाठी कोणाच्या हातून काही झालं नाही रे.

जा मित्रा. जड मनाने निरोप.