आडकू वल्द गोविंदा

"बाई, माहा आजा कोणाचा पोरगा होता, थे तुमच्या कागदात सापडन का?"

काउंटरपलीकडे अल्लीपूरचे महादेवराव तळेगावकर उभे होते. वय सत्तरच्या आसपास, डोक्यावर टोपी, हातात घडी करून करून मऊ झालेला अर्ज. शेजारी त्यांची नात शालू. अर्ज तिच्याच अक्षरात होता.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. मी वर्ध्याला जिल्हा कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये क्लार्क होते. माझे वडील पटवारी. त्यांनी मला लहानपणी मोडी शिकवली, म्हणून जुने कागद सगळे माझ्याकडे यायचे.

"कशासाठी पाहिजे?" मी विचारलं.

शालूच बोलली, "माझं लग्न अडलं आहे."

तिचं लग्न तळेगाव श्यामजी पंतच्या ढग्यांकडे ठरलं होतं. मुलगा शाळामास्तर. सुपारी फुटायच्या आधी ढग्यांच्या घरातले सगळ्यात वडील, हरिभाऊ, म्हणाले की हे तळेगावकर म्हणजे मुळात ढगेच. महादेवरावांचा आजा आडकू हा मूळचा ढगे, तो फार पूर्वी गाव सोडून अल्लीपूरला गेला, तिथं त्याला लोक तळेगावकर म्हणू लागले. म्हणजे मुलगा-मुलगी एकाच भाऊकीतले. एका वंशातल्या पोरांचं लग्न कसं लावायचं?

"आपल्या जिल्ह्यात तळेगावं दोन हायेत," महादेवराव म्हणाले. "माहा आजा दुसऱ्या तळेगावचा निंगाला, तं भानगडच मिटली."

अर्ज घेऊन मी अधीक्षकसाहेबांकडे गेले.

"जमिनीचं प्रकरण आहे का?"

"नाही साहेब. लग्नाचं."

त्यांनी चष्मा वर केला. "लग्न जुळवायचं खातं कधीपासून उघडलं आपण? प्रयोजनात काय लिहिलंय?"

"वंशावळ पाहणे."

"मग पाहा. रोजचं काम उरकून."

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये कागद गावागावाने लाल कापडात बांधलेले असत. त्या गठ्ठ्याला बस्ता म्हणतात. सर्वांत जुने कागद बंदोबस्ताचे. बंदोबस्त म्हणजे इंग्रजी अमलात गावोगाव जमीन मोजून कोणती कोण कसतो ते लिहून ठेवण्याचं काम. वीस-तीस वर्षांनी ते पुन्हा व्हायचं.

मी आधी अल्लीपूरचा बस्ता सोडला. दुसऱ्या बंदोबस्ताच्या यादीत माणूस सापडला. 'आडकू वल्द गोविंदा ढगे, मूळ राहणार तळेगाव श्यामजी पंत.' वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. दुसऱ्या तळेगावची आशा तिथेच संपली. हरिभाऊ खरं बोलत होते.

महादेवरावांना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. ते दर मंगळवारी एसटीने येत आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसत. सांगण्याआधी तळेगावचा बस्ता तरी पाहून घेऊ म्हटलं.

पहिल्या बंदोबस्तात गोविंदा ढगे होता, त्याच्या नावावर बरी जमीन होती. दुसऱ्या बंदोबस्तात तीच जमीन त्याच्या दोन भावांच्या नावावर लागलेली. मी दोन्ही याद्या शेजारी ठेवून बराच वेळ बसले. गोविंदाला मुलगा होता, तर जमीन भावांकडे कशी गेली? आडकूने विकली म्हणावं, तर तशी नोंद नाही.

जमीन अशी आडवाटेने जाते तेव्हा मागे बहुधा तक्रार असते आणि तक्रारीची मिसल होते. मिसल म्हणजे त्या प्रकरणाची फाइल. दोन बंदोबस्तांमधल्या वर्षांच्या मिसली मी काढत गेले. तीन आठवडे गेले. वाळवीने खाल्लेल्या दोन गठ्ठ्यांखाली ती होती. गोविंदाच्या भावांचा अर्ज, आडकूच्या आईचं बयान, आडकूचं बयान आणि निकाल.

मंगळवारी महादेवरावांना मी आत बोलावलं. शालू बाहेर बाकावर बसली. आईचं बयान मी हळूहळू वाचलं. तिचा पहिला नवरा सिंदीकडचा, आडनाव राऊत. तो वारला. ती गोविंदा ढग्याशी पाट लावून तळेगावला आली. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. येताना आडकू तिच्या बोटाला धरून आला होता.

"म्हणजे रक्ताने तुम्ही ढगे नाही," मी म्हणाले. "लग्नाला अडचण नाही."

म्हातारा खूश होईल असं मला वाटलं होतं.

"मंग आमी कोण?"

"राऊत म्हणायचं."

"सत्तर वर्सं झाले बाई. आता राऊत?" ते उठले. "पाटाच्या बाईचा वंश. हे ढग्यायले दाखोलं, तं सोयरीक होते का मोडते?"

"अजून एक पान आहे," मी म्हणाले.

"राहू द्या. शालूले काही सांगू नका."

ते निघून गेले. नक्कल, म्हणजे आमच्या शिक्क्याची प्रत, त्यांनी मागितलीच नाही. शालूने दारातून माझ्याकडे पाहिलं. मी फायली चाळायचं सोंग केलं. त्या दिवशी घरी डबा तसाच परत नेला.

पुढचे दोन मंगळवार कोणी आलं नाही. तिसऱ्या मंगळवारी महादेवराव आले ते शालूला आणि एका उंच, काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्याला घेऊन. तेच हरिभाऊ ढगे.

"पोरीनं खोदून खोदून इचारलं. मले खोटं बोलता नाई आलं," महादेवराव म्हणाले. "पोरगीच म्हणे, आबा, खरं हाय थे सांगून टाका. मंग मीच यायले घेऊन आलो. बाई, पूर्ण वाचा. थे मांगचं पान बी."

हरिभाऊ बसले नाहीत. "अस्सल कागद दाखवा. नक्कल कोणी बी बनवते."

मी मिसल उघडली. त्यांना मोडी येत नव्हती, तरी ओळीवरून फिरणाऱ्या माझ्या बोटाकडे ते पाहत राहिले. आडकू परका आहे, जमीन आम्हाला द्या, असा भावांचा अर्ज वाचला, आईचं बयान वाचलं. मग आडकूचं. ते सात ओळींचं होतं. शेवटच्या ओळी अशा होत्या:

'मी गोविंदाचा पोटचा नाही हे खरे. त्यांनी मला वाढविले. त्यांस अग्नी मी दिला. जमीन चुलत्यांस द्यावी, माझी तक्रार नाही. बापाचे नाव मात्र मी सोडणार नाही.'

खाली नांगराची निशाणी. सही न येणारे शेतकरी तेव्हा तसं चित्र काढत.

शालूने पदर डोळ्यांना लावला. महादेवराव त्या वाकड्यातिकड्या नांगराकडे बघत होते. त्यांनी बोट पुढे केलं, पण कागदाला लावलं नाही.

हरिभाऊ आता खुर्चीत बसले. "आमच्या घरी तं सांगत, का बैलाच्या भांडणातून आडकू रागानं गेलता. आमच्याच लोकायनं काढलं म्हणा त्याले."

"तुम्हाले चालते का?" महादेवरावांनी विचारलं. "पाटाची हाय आमची पणजी."

"माही आजी बी पाटाचीच होती," हरिभाऊ म्हणाले. "घरात त्याबद्दल कोणी बोलत नोतं, एवढंच. तारीख काढा."

नक्कल दोघांनीही घेतली. लग्न त्या उन्हाळ्यात अल्लीपूरला झालं. मी गेले होते. हरिभाऊंनी मांडवात महादेवरावांना आपल्या शेजारी बसवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आडकूची गोष्ट सांगितली. त्यात चुलत्यांचा उल्लेख ते जरा घाईघाईने उरकत होते.

आडनाव महादेवरावांनी बदललं नाही. पण जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "थो सिंदीचा राऊत बी पाहून ठेवजा बाई, जमलं तं. कसा होता कोण जाणे."

मी पाहिलं. सवड मिळेल तसे सिंदीचे बस्ते पुढे दोन वर्षं चाळले. राऊत पुष्कळ होते, पण हाच तो म्हणावा असा एकही नाही. ना मिसल, ना बयान. तो बहुधा कोणाशी न भांडता नांगर धरून जगला आणि लवकर गेला. अशा माणसाला आमच्या रेकॉर्ड रूममध्ये फार तर एक ओळ मिळते, तीही वाळवीने ठेवली तर.

नोकरीत नंतरही वंशावळ शोधायला माणसं यायची. नाव, गाव, साल घेऊन यायची. मी त्यांना खुर्ची द्यायचे आणि आधी एकच विचारायचे, "तुमच्या घरात भांडण कधी झालं होतं?"