ओला माल

चाचा ढिगावर स्टीलची ताटली पालथी घालायचा आणि शेजारी विडी ओढत बसायचा. विडी संपली की ताटली उचलून आतली बाजू बघायचा. तिथे वाफेचा धूसर थर दिसला, की सगळ्या शेडला ऐकू जाईल असा ओरडायचा, "पानी हाय! कुनी हात लावायचा न्हाई!"

मग समोर मालक उभा असला तरी ढिगातला एक दाणा हलायचा नाही.

सांगलीजवळच्या आमच्या कारखान्यात स्टेनलेस स्टील वितळवत. वितळलेल्या धातूवर मळी येते. ती थंड होऊन दगडासारखी घट्ट होते, पण तिच्या पोटात निकेल-क्रोमचं महागडं स्टील दाण्यादाण्यानं अडकलेलं असतं. मळी फोडायची, पाण्यात धुवायची, तळाशी बसलेले जड दाणे तापलेल्या पत्र्यावर वाळवायचे आणि परत भट्टीत टाकायचे. दाण्यांत ओल राहिली तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि भट्टी माणसांच्या अंगावर उसळते. ही वाळवणी चाचाकडे होती. मी त्याचा सुपरवायझर.

चाचा आष्ट्याचा, कल्हईवाल्यांच्या घरातला. तुम्ही मनात एखादा गरीब, सोशिक म्हातारा उभा केला असेल तर पुसून टाका. हा भांडकुदळ होता, बढाईखोर होता. "माज्या बापानं कल्हई केलेल्या पातेल्यात बघून नवरदेव दाढी करायचे," असं शपथेवर सांगायचा.

भट्टीवरचा शंकर, शिराळ्याचा, त्याला छेडायचा. "चाचा, ताटली कवापास्नं पालथीच हाय. जेवान कवा वाढनार?"

"तुज्या लग्नात. आदी पोरगी तर मिळू दे, गड्या!"

दुपारी दोघं एकाच डब्यात जेवायचे. शंकरचं लग्न झालं तेव्हा चाचा खरोखरच पंगतीत वाढत होता, आणि ज्याला नको त्यालाही आग्रह करून करून वाढत होता.

पावसाळ्यातल्या एका शुक्रवारी माल अडला. दमट हवेत दाणे वाळेनात. मॅनेजर माझ्यावर ओरडून गेला. चाचा नमाजाला निघाला होता. जाताना मला म्हणाला, "सायेब, ढीग कच्चा हाय. मी येईस्तवर हात लावू नगा."

तो गेल्यावर मी तो ढीग भट्टीत टाकायला सांगितला.

शंकरनं फावडं थांबवलं. "चाचा व्हय म्हनला?"

"हो म्हणाला," मी म्हणालो.

भट्टी उसळली. शंकरचा उजवा हात आणि अर्धा चेहरा भाजला.

संध्याकाळी मॅनेजरनं केबिनचं दार लावलं. "त्या म्हाताऱ्यानं ओला माल वाळला म्हणून दिला आणि निघून गेला. असंच झालं ना?" वर म्हणाला, "नमाजाला गेला होता, हे एक बरं झालं. लोक लगेच विश्वास ठेवतील." हे वाक्य आठवलं की आजही माझ्या अंगाची आग होते. तेव्हा मी मान हलवली होती. कोणी गळा धरला नव्हता माझा.

चाचाला काढून टाकलं. तो दवाखान्यात गेला तर शंकरनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग चाचा कारखान्याच्या फाटकाबाहेर माझी वाट बघत उभा राहिला. त्या दिवशी त्याचा आवाज चढला नाही. "नोकरी ऱ्हाऊ द्या, सायेब. शंकरला तेवडं खरं सांगा."

"सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही. चाचा परत कल्हई करू लागल्याचं कानावर आलं, आणि गेल्या वर्षी तो गेल्याचंही.

यंदा सुरक्षा सप्ताहात जुना माणूस म्हणून मला कारखान्यात बोलावलं. माझ्या गळ्यात हार घातला. एका तरुण अधिकाऱ्यानं पडद्यावर चित्रं दाखवत गोष्ट सांगितली, एका अडाणी कामगाराच्या हलगर्जीपणाची. म्हणजे आमचं खोटं आता तिथे दरवर्षी शिकवतात! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठलो. "हे साफ खोटं आहे. ढीग कच्चा आहे असं तो मला बजावून गेला होता. माल मी टाकायला लावला. आणि दोष त्याच्यावर ढकलायचं या ऑफिसात ठरलं."

अधिकारी हसला. "काका, तुमच्या भावना समजतात. आपण चहा घेऊ या." मालकाच्या मुलानं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. मी हार काढून टेबलावर टाकला आणि बाहेर पडलो.

फाटकाशी मागून हाक आली. शंकर. तो अजून तिथेच आहे, स्टोअरमध्ये. मागच्या रांगेत बसून त्यानं सगळं ऐकलं होतं.

"तुमी मला व्हय म्हनला व्हता."

"हो."

"दर ईदंला तो शिरखुर्म्याचा डबा धाडायचा. मी झाकान बी न काडता माघारी लावायचो." भाजलेल्या हातानं त्यानं चेहरा पुसला. "बायकू म्हनायची, आवं, एकडाव तरी घ्या. मी तिलाच शिव्या दिल्या."

तो स्टँडवरून गाडी काढू लागला.

"कबर कुटं हाय त्याची?"

आष्टा इथून कितीसं लांब? पण मी कधी गेलोच नव्हतो. "माहीत नाही," म्हणालो. "चल, आपण दोघं जाऊ."

त्यानं गाडीला किक मारली.

"तुमी नगा येऊ," तो म्हणाला. "मी जातो इचारत."