रद्द झालेला सात

हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही. ज्या विमानातला दोष पकडला म्हणून ऑफिसात माझ्या गळ्यात हार पडला, त्याच विमानाला त्या दिवशी सकाळी मी पास करून बाहेर आलो होतो.

हे विमान अजून कुठेच उडत नाही. आवाजापेक्षा जास्त वेगाने प्रवासी नेणार आहे, पण सध्या ते कॉम्प्युटरमध्येच आहे. डिझाइन परदेशी क्लायंटचं. आम्ही नाशिकला, अंबडच्या एका शेडमध्ये, ते सिम्युलेटरवर उडवून बघतो. शेजारच्या कारखान्यात दिवसभर पत्रा ठोकतात आणि आत आम्ही ढगांतून खाली येत असतो.

मी हवाई दलात टेस्ट पायलट होतो. लवकर निवृत्ती घेतली आणि या कामाला लागलो. काम म्हणजे विमान हाताला कसं लागतं ते सांगायचं. त्यासाठी एक ते दहा आकडे आहेत. तीनपर्यंत विमान चांगलं, पायलटला फार काही करावं लागत नाही. सात म्हणजे गंभीर दोष, पायलट जिवाचं रान करतो तरी काम नीट होत नाही. सिम्युलेटरमधून उतरलं की कुणाशी न बोलता, चहाच्याही आधी, आकडा लिहून द्यायचा. एकाचं ऐकून दुसऱ्याचं मत बदलू नये म्हणून.

त्या दिवशी उतरण्याची चाचणी होती. या विमानाचा पंख त्रिकोणी आणि शेपटीला आडवे पंखच नाहीत. उतरताना नाक बरंच वर धरावं लागतं. नाक वर घ्यायला स्टिक, म्हणजे हातातला दांडा, ओढली की पंखाची मागची कड वर उचलली जाते, त्यामुळे विमान आधी थोडं खाली बसतं आणि मग वर जातं. पायलट पार पुढे बसलेला. त्याला वाटतं आपण वर चाललोय, पण मागे चाकं खाली गेलेली असतात.

माझ्या जोडीला कॅप्टन शेख होते. मूळचे मालेगावचे, उभी नोकरी एअरलाइनमध्ये. त्यांची लँडिंग्ज आपटली. माझी सगळी खुणेवर बसली.

आमच्या प्रोजेक्ट हेड गायधनी मॅडमनी दोन्ही चिठ्ठ्या उघडल्या. "बोरस्ते सर तीन, शेखसाहेब सात. एकाच विमानाला? क्लायंटला मी काय पाठवू?"

"माझा सातच राहू द्या, मॅडम," शेखसाहेब रुमालाने मान पुसत म्हणाले. "विमान आहे का बकरी? उठ म्हटलं की आधी बसते!"

"शेखसाहेब, जरा प्रेमाने धरायचं तिला," मी म्हणालो.

"तुम्ही फायटरवाले, सर. तुम्हाला खाट दिली तरी उतरवाल. आम्हाला मागे अख्खं गाव बसवून, थकल्याभागल्या हाताने उतरवायचं असतं."

सगळे हसले. मीही हसलो. ते फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा मी मॅडमना म्हणालो, "त्यांचा हात जड आहे. दुपारी मी एकटाच करतो."

मॅडमनी त्यांना तसं सांगितलं. जड हात हा शब्दही सांगितला असावा. शेखसाहेब डबा न उघडताच निघून गेले.

मग चहा आला. मी कप उचलला आणि चहा बशीत सांडला. माझा उजवा हात थरथरत होता. ज्या विमानाला मी तीन दिले, म्हणजे हाताला फारसं काम नाही असं लिहून दिलं, त्याने माझा हात एवढा का दमवावा?

स्टिकच्या हालचालीचा आलेख काढायला लावला. शेखसाहेबांच्या रेषेत मोजकेच मोठे चढउतार होते. माझी रेषा शिलाई मशीनच्या टाक्यांसारखी, शेवटपर्यंत उसंत नाही. विमान बसायच्या आधीच माझा हात त्याला सावरत होता आणि मला पत्ताही नव्हता. माझं कसब विमानाचा दोष झाकत होतं.

दुपारी मी हाताला लगाम घातला. विमान काय करतं ते बघायचं आणि मगच स्टिक हलवायची. पहिल्याच उतरणीला असं आपटलं, की खऱ्या विमानाची चाकं राहिली नसती. मी सात लिहिला.

मॅडमनी विचारलं, "आणि सकाळचा तीन?"

तिथे मी खोटं बोललो. "सकाळी मी हात बसवत होतो. सकाळची फेरीच रद्द धरा."

त्यांनी फेरी रद्द केली. माझा तीन गेला, आणि त्याबरोबर शेखसाहेबांचा सातही गेला.

क्लायंटचा चीफ इंजिनिअर कॉलवर भांडायला बसला. "फेरी रद्द केलीत, पण रेकॉर्डवर तुमची सकाळची लँडिंग्ज तर अचूक आहेत."

"ती विमानाने केलेली नाहीत, मी केली आहेत," मी म्हणालो. "विमानाबरोबर मला विकणार आहात का?"

मग ते कामाला लागले. स्टिक आणि पंख यांच्यामधल्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम त्यांनी नव्याने लिहिला. आता इंजिनची पॉवर तो आधीच वाढवतो, विमानाला बसू देत नाही. आम्ही पुन्हा उडवलं. मी हात आवरूनच उडवलं आणि तीन दिला. हा तीन खरा होता. चहा सांडला नाही.

उद्या त्या विमानात माणसं बसतील. त्यांच्या उतरण्यातली एक खोट अंबडच्या शेडमध्ये सापडली, याचा मला अभिमान आहे. तो मी लपवणार नाही. शिकलो ते एवढंच, की विमानाआधी पायलट तपासावा, आणि त्यातही चांगला पायलट आधी.

मागच्या महिन्यात शेखसाहेब नाशिक रोड स्टेशनवर भेटले. "मुबारक हो सर, पकडलंत बकरीला!" म्हणाले. मग हळूच, "मला वाटलं होतं तसं. पण आपला हात जड ना. मी मॅडमना कळवलंय, दुसरा माणूस बघा म्हणून."

मी त्यांची बॅग डब्यात चढवून दिली. गाडी सुटली.

सकाळचा सात कॅप्टन शेख यांचा होता आणि तो बरोबर होता, हे मॅडमना आणि क्लायंटला लेखी कळवणं माझ्याकडे बाकी आहे. त्यांचा हात जड नव्हता, हे त्यांच्या तोंडावर सांगणंही बाकी आहे.