माझ्या नावावरचे बोंबील

गेल्या वर्षी काही महिने मी सरकारदरबारी चित्रकार होतो.

प्रत्यक्षात माझी कला निराळी. मी फॉर्म भरतो. तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तिथे फॉर्मशिवाय खिळासुद्धा हलत नसे. निवृत्त झाल्यापासून खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगचे सगळे फॉर्म माझ्याकडे येतात. पासपोर्ट, शाळाप्रवेश, एकदा तर चौथ्या मजल्यावरच्या कुत्र्याचं लायसन्स. (कुत्र्याचा फोटो तीनदा परत आला, पण त्यात माझी चूक नव्हती. तो हलत होता.)

चित्रं काढते ती माझी बायको, शैला. ती मासे काढते. याचं श्रेय खरं तर मला द्यायला हवं, कारण मी बाजारातून पापलेट म्हणून हलवा मासा आणायचो. तेव्हा ती मला चिठ्ठीवर मासा काढून द्यायला लागली, आणि मग तिला गोडीच लागली. रविवारी सकाळी मासळी बाजारात गुलाबमावशीच्या पाटीशेजारी स्टूल टाकून बसायची आणि वह्या भरायची. गुलाबमावशी उरणची, आमची वीस वर्षांची मासेवाली. शैलाची सुरमई लग्नात मिरवणाऱ्या थोरल्या जावेसारखी दिसायची, चिखलातली निवटी दाराआडून डोकावणाऱ्या शेजारणीसारखी. बोंबील माझ्यासारखा दिसतो असं सगळे म्हणतात. मला तसं अजिबात वाटत नाही.

एकदा आम्ही खारघरला एका खानावळीत जेवायला गेलो. मेनूकार्ड उघडलं तर पहिल्याच पानावर शैलाची सुरमई! डोक्यावर आचाऱ्याची टोपी चढवलेली. शैलाने कार्ड मिटलं, पुन्हा उघडलं.

"टोपी मी काढली नव्हती," एवढंच ती म्हणाली.

मी मालकाला बोलावलं. "हे चित्र कुठून घेतलंत?"

"नेटवरचं आहे, काका. नेटवर सगळं फ्री असतं."

"आणि खालची सही? ती खोडलीत ना?"

"सही नव्हतीच. मेव्हण्याच्या ग्रुपवर आलं होतं. वर 'शुभ रविवार' लिहिलेलं, तेवढं फक्त पुसलं."

'शुभ रविवार' मीच लिहिलं होतं. सतरा ग्रुपवर पाठवताना शेपटीजवळची शैलाची सही मध्ये येत होती, म्हणून तेवढा भाग कापलाही मीच होता. शैला माझ्याकडे पाहत राहिली. मी घाईघाईने सोलकढी मागवली.

या पापाचं परिमार्जन करायचं मी ठरवलं. कलाकारांच्या हक्कांवर एका कॉलेजात मोफत व्याख्यान होतं, ते तासभर ऐकलं आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन घरी आलो. पुढचा आठवडाभर मी दिसेल त्याला कॉपीराइट समजावत होतो. शेजारच्या काकूंच्या रांगोळीजवळ मी खडूने गोलातला 'सी' काढून दिला. त्यांना वाटलं, बिल्डिंग पाडायची खूण केली. त्या दिवसभर घाबरून होत्या.

मग मी शैलाच्या चित्रांची नोंदणी करायला बसलो. असा फॉर्म आयुष्यात पहिल्यांदा हाती आला होता. मी आंघोळ करून बसलो.

"माझी सही लागेल का?" शैलाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तू कशाला त्रास घेतेस? मी आहे ना."

एकही खाडाखोड झाली नाही. 'दुसऱ्या कुणाचं संमतीपत्र आवश्यक आहे का' या प्रश्नापुढे मी ठसठशीत 'नाही' लिहिलं. यथावकाश प्रमाणपत्र आलं. ते मी न वाचताच फाइलमध्ये घातलं, कारण माझ्या फॉर्ममध्ये चूक असते हे मला माहीतच नव्हतं.

आणि मग शैलाच्या आयुष्यातली मोठी गोष्ट घडली. एका छोट्या प्रकाशनाच्या बाईंनी तिचे मासे पाहिले आणि लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढायचं ठरवलं. कव्हरवर शैलाचं नाव येणार होतं. तिने ठेवणीतली साडी नेसली, वह्या पिशवीत भरल्या. मी माझी फाइल घेतली.

"चित्रांचे हक्क तुमच्याकडेच आहेत ना?" बाईंनी शैलाला विचारलं.

मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"यात चित्रकार म्हणून तुमचं नाव आहे," त्या मला म्हणाल्या.

"माझं?"

"आणि मालक म्हणूनही तुमचंच. मग शैलाताई कोण?"

मी कागद ओढून घेतला. चित्रकार: मी. मालक: मी. पत्ता तेवढा आमच्या दोघांचा. गॅस माझ्या नावावर, लाइटबिल माझ्या नावावर, मिक्सरची वॉरंटीसुद्धा माझ्या नावावर. नावाचा रकाना दिसला की हात आपोआप माझंच नाव लिहितो. एकतीस वर्षांच्या संसारात त्याने दुसरं नाव लिहिलेलं मला आठवेना.

बाई म्हणाल्या, "हे निस्तरल्याशिवाय मला पुस्तक छापता येणार नाही."

आम्ही घरी आलो. शैला दार उघडून, पिशवी खाली ठेवून मग म्हणाली, "अहो, गॅस तुमच्या नावावर, मी काही म्हटलं नाही. घर तुमच्या नावावर, तरी काही म्हटलं नाही. पण बोंबील माझा आहे."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या दिवशी चहा मी केला. तोही बिघडला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पनवेलच्या एका वकीलबाईंकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी शैलाला विचारलं, "ताई, ही चित्रं तुम्हीच काढलीत ना? मग ज्या दिवशी काढलीत त्याच दिवशी हक्क तुमचा झाला. त्याला नोंदणी लागतच नाही. नोंदणी हा फक्त पुरावा असतो."

"चला, म्हणजे काही बिघडलं नाही," मी म्हणालो.

"बिघडलंय ना, काका. पुरावा तुम्ही त्यांच्याविरुद्ध तयार केलाय."

नोंद दुरुस्त करायला अर्ज, माझं प्रतिज्ञापत्र, शैलाच्या जुन्या वह्या आणि साक्षीदार असं सगळं जमवायचं ठरलं. साक्षीदार म्हणून गुलाबमावशी आली. बाजारातून थेट, पाटीसकट. वकीलबाईंच्या ऑफिसातला एसी बंद करून खिडक्या उघडाव्या लागल्या.

"चित्रं कोणी काढली, मावशी?"

"या ताईनी. माज्या बाजूला बसून. उन्हात छत्री मी धरलेली हाय."

"आणि हे काका?"

मावशीने मला नीट न्याहाळलं. "या मानसाला पापलेट आन् हलवा वलकाला येत नाय. तो काय चित्र काढल? दर खेपेला आमी हसतो न् त्याला हलवा देतो."

वीस वर्षांनी हे मला कळत होतं, तेही वकिलासमोर.

वकीलबाई खमक्या होत्या. "उद्या कुणी शंका काढायला नको," म्हणत त्यांनी कोरा कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. "काका, एक पापलेट काढा."

मी मन लावून काढलं. जीभ दातांत धरून काढलं. खवल्यांवर तर मी विशेष मेहनत घेतली. पाच मिनिटांनी कागद टेबलाच्या मधोमध ठेवला. तिघीही वाकून पाहू लागल्या. मावशीने कागद उलटा केला, मग आडवा केला.

"यो मासा नाय," ती म्हणाली. "याला पाय हायेत."

"ते माशाचे पर आहेत."

"आमच्या खाडीत असलं काय नाय बा."

शैलाने तोंडाला पदर लावला. प्रमाणपत्र पाहिल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी एक मासा काढायला तयार झालो. वकीलबाईंनी पेन्सिल काढून घेतली आणि चित्र अर्जाला जोडलं. अर्ज लांबला, फेऱ्या झाल्या, पण शेवटी मी चित्रकार उरलो नाही.

पुस्तक आलं. कव्हरवर शैलाचं नाव आहे आणि आत प्रत्येक चित्राखाली तिची बारीकशी सही. मुलांना गंमत वाटेल म्हणून प्रकाशनाच्या बाईंनी शेवटच्या पानावर माझं पापलेटही छापलं, अर्थात माझ्या लेखी परवानगीने. त्याखाली मात्र माझं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, दारावरच्या पाटीवर असतं तेवढ्या ठळक अक्षरांत आहे. इतकं मोठं कशाला, म्हणून मी संकोचाने विचारलं.

"मीच सांगितलं तसं करायला," शैला म्हणाली. "ते चुकून कुणाला माझं वाटलं तर?"